‘कशावरून?’ विचारणारं पुस्तक निवडा

अमेरिकेतल्या मराठी घरांत होमस्कूलिंग हा आता कुजबुजत बोलण्याचा विषय राहिलेला नाही. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीत, मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०२०च्या वसंत ऋतूत ५.४ टक्के होतं, ते त्याच वर्षाच्या शरदात ११.१ टक्क्यांवर गेलं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर अनेक मुलं वर्गात परतली, पण काही घरांनी हीच वाट धरून ठेवली. त्यांत आपली माणसंही आहेत.

‘हे कायद्यात बसतं का?’ ही भारतातल्या आजी-आजोबांची पहिली शंका असते. बसतं. पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, नियम मात्र वेगवेगळे. टेक्सासमध्ये सरकारचा हस्तक्षेप अगदी कमी. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची फाइल ठेवून वर्षअखेर तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तेव्हा आपल्या राज्याचे नियम आधी वाचावेत.

गणिताची आपल्या घरांत फारशी चिंता नसते. गाडं अडतं ते सहावी ते आठवीच्या इतिहास आणि विज्ञानाशी. अकरा ते चौदा वर्षांचं मूल सांगितलेलं मुकाट्याने ऐकत नाही, ते वाद घालतं. नेमक्या त्याच वयात आपण त्याच्यापुढे ठेवतो ती पाठ करायची राजांची यादी आणि व्याख्यांची वही. मग मूल कंटाळलं की वर्षभराचा एखादा चकचकीत संच शेकडो डॉलर मोजून मागवला जातो. चित्रं सुंदर, प्रयोगाची पेटी सोबत, कौतुकाचे अभिप्राय भरपूर. एवढ्यावर निवड करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

होमस्कूलिंगच्या बाजारातले कित्येक मोठे प्रकाशक धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांसाठी पुस्तकं काढतात. त्या कुटुंबांना तशीच पुस्तकं हवी असतात आणि प्रकाशकही ते लपवत नाहीत. पण आपण पाठीवरचा मजकूर वाचत नाही. मग विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं निघतं आणि उत्क्रांती हे नुसतं एक मत ठरतं. म्हणून विकत घेण्याआधी नमुना प्रकरण उघडावं, तेही नेमकं पृथ्वीच्या वयाचं. सुमारे ४५४ कोटी वर्षं हा आकडा तिथे आहे का? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हे कशावरून कळलं ते सांगितलंय का? युरेनियमचं शिसं किती काळात होतं आणि क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातलं शिसं मोजून १९५६ मध्ये हे वय कसं काढलं, हे सांगणारं पुस्तक मुलाला विचार करायला शिकवतं. नुसता आकडा देणारं पुस्तक, आकडा बरोबर असला तरी, पाठांतरच करून घेतं.

हीच कसोटी आपल्याही मालाला लावायला हवी. परदेशात मुलांना ‘आपलं’ काही द्यावं या ओढीने पुष्कळदा व्हॉट्सॲपवरचं ज्ञान त्यांच्या वहीत उतरतं. प्राचीन विमानांचंच घ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ तपासलं. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. बायबलचा दाखला विज्ञानाच्या पुस्तकात नको असेल, तर हेही नको.

इतिहासात ‘कशावरून?’ची मजा आणखी खुलते. शिवराज्याभिषेकाचंच उदाहरण घ्या. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. कृष्णाजी अनंत सभासदाने वीसेक वर्षांनी आपल्या बखरीत तोच सोहळा वर्णिला. दोन्हींतले उतारे मुलापुढे शेजारी ठेवा. कोणाला काय दिसलं? कोणी कोणासाठी लिहिलं? कोणाचे आकडे फुगलेले वाटतात? याने महाराज लहान होत नाहीत, उलट ते मुलाला खरे वाटू लागतात.

अमेरिकेचा इतिहासही आपल्याला परका नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. पुढे त्यांनी अमेरिकेतलं समाजजीवन मराठीत लिहिलं, ते पुस्तक १८८९ मध्ये निघालं. आनंदीबाईंच्या अस्थींवरचा दगड न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीत आजही आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घराला ही सगळी ठिकाणं एका सुट्टीत पाहता येतील.

मग घ्यायचं काय? जॉय हाकिम यांची ‘अ हिस्टरी ऑफ अस’ ही अमेरिकेच्या इतिहासाची मालिका आणि तीन खंडांची ‘द स्टोरी ऑफ सायन्स’ या वयाला चांगली जमते. दुसरीत विज्ञान आणि इतिहास हातात हात घालून येतात. सुसान वाइज बाउर यांची ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ गोष्टीसारखी वाचली जाते, पण सातवीतल्या मुलाला ती बाळबोध वाटू शकते. ती धाकट्या भावंडासाठी ठेवावी. ‘ओपनसायएड’चा सहावी ते आठवीचा विज्ञान अभ्यासक्रम मोफत आहे. तो एखाद्या घटनेपासून सुरू होतो आणि व्याख्या नंतर येते. मात्र तो वर्गातल्या चर्चेसाठी रचलेला आहे, एकट्या मुलाला तो रुक्ष वाटेल. तेव्हा दोन-तीन कुटुंबांनी मिळून आठवड्यातून एकदा तो घ्यावा. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेनंतर तासभर जागा मिळाली तर उत्तमच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी तर प्रयोगाच्या महागड्या पेटीची गरजच कमी करतात.

आजी-आजोबांनाही यात घ्यावं, नुसतं ‘अभ्यास कर रे’ म्हणण्यापुरतं नव्हे. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला किंवा मार्चच्या २०-२१ला दिवस-रात्र जवळजवळ समान असतात. त्या दिवशी पुण्यात आजोबांनी आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नातीने एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करावी. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती मोजावी. पुण्यात ती साधारण ३३ सेंटिमीटर भरेल, एडिसनमध्ये साधारण ८५. दोन्हीवरून सूर्याचा कोन काढला की त्या-त्या गावाचा अक्षांश हाती येतो, आणि पृथ्वी गोल असल्याचा पुरावा घरच्या घरी मिळतो. खर्च शून्य, आणि व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ यापलीकडे बोलायला विषय मिळतो.

या वर्षीचा संच मागवण्याआधी एवढं करा. त्यातलं एक प्रकरण मुलासोबत वाचा आणि प्रत्येक पानावर ‘हे कशावरून?’ असं विचारा. तीन पानांत एकदाही उत्तर मिळालं नाही, तर ते पुस्तक परत ठेवा. आणि मूल हाच प्रश्न आपल्याला विचारू लागलं, तर ‘मोठ्यांना उलटून बोलू नकोस’ म्हणून त्याला गप्प करू नका. घरी शिकवण्याचा खटाटोप त्यासाठीच तर मांडला आहे.