कादंबऱ्यांच्या वाचनातून निघालेला स्त्रीवाद

स्त्रीवादी समीक्षा शिकवताना आपली वाट बहुधा ठरलेली असते. बोव्हार, केट मिलेट, शोवाल्टर, मग सिझू आणि इरिगारे. या वाटेवर इटली लागत नाही. लागलीच तर ती कायद्यांच्या यादीच्या रूपाने: १९४५ साली मताधिकार, १९७० साली घटस्फोटाचा कायदा, १९७५ साली कुटुंबविषयक कायद्यातील सुधारणा, १९७८ साली गर्भपाताचा कायदा. यादी खरी आहे आणि तिचे मोलही कमी नाही. ज्या देशात बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केले की त्याचा गुन्हा पुसला जाई आणि ही तरतूद १९८१ पर्यंत टिकून होती, तिथे कायद्याची लढाई गौण कशी म्हणावी? तरीही इटालियन स्त्रीवादातला जो भाग वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचायला हवा, तो या यादीत सापडत नाही, असे आमचे मत आहे.

मिलानमध्ये १९७५ साली स्त्रियांनी एक पुस्तकांचे दुकान उघडले. या गटाने १९८७ साली आपला इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच वाचकाला बजावले, आपल्याला हक्क आहेत असे मानू नकोस. शब्द सिमोन वेलचे आहेत. हक्कांच्या चळवळीतून आलेल्या स्त्रियांनी असे म्हणावे, हे प्रथम चमत्कारिक वाटते. त्यामागची गोष्ट मात्र वाङ्मयीन आहे.

या स्त्रिया एकत्र बसून कादंबऱ्या वाचत होत्या. जेन ऑस्टिन, ब्राँटे भगिनी, व्हर्जिनिया वूल्फ, गर्ट्रूड स्टाइन, इंगेबोर्ग बाखमान, एल्सा मोरांते. आपल्या सर्वांच्या माता म्हणून त्यांनी या लेखिकांकडे पाहिले आणि त्याच नावाने १९८२ साली पार्मा येथील स्त्री-ग्रंथालयासह एक सूचीही काढली. वाचता वाचता वाद झाला. कोणती लेखिका कोणाला भावते, हा प्रश्न बघता बघता आपल्यापैकी कोणाचे मत वजनदार ठरते, या प्रश्नावर येऊन ठेपला. माता केवळ पुस्तकांत नाहीत, त्या या खोलीतही आहेत, कारण इथे आपण सगळ्या सारख्या नाही. हे कोणीतरी उघडपणे बोलून दाखवले. भगिनीभावावर उभ्या असलेल्या चळवळीत हे उच्चारणे सोपे नव्हते. स्त्रियांमधली तफावत मान्य करावी, जिला अधिक कळते तिच्यावर भरवसा टाकावा, तिच्या आधाराने जगात उभे राहावे, हा ‘आफिदामेन्तो’चा विचार पुढे याच मंडळींनी मांडला. लुईझा मुरारो यांनी त्याला तत्त्वज्ञानाची जोड दिली. वाचनगटातल्या भांडणातून राजकीय संकल्पना निघावी, हे आमच्यासारख्या वाङ्मयाच्या मास्तरांना सुखावणारे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण इथेच कार्ला लोन्झी आठवते. ती कलासमीक्षक होती, आणि नावाजलेली. १९६९ साली तिने चौदा कलावंतांशी झालेली ध्वनिमुद्रित संभाषणे अशा रीतीने जोडली की जणू सगळे एकाच खोलीत बोलत आहेत. त्यात स्त्री एकच, कार्ला अकार्दी. पुढच्याच वर्षी या दोघींनी एल्विरा बानोत्तीसह रोममध्ये ‘रिवोल्ता फेम्मिनिले’ हा गट उभा केला आणि लोन्झीने समीक्षेला रामराम ठोकला. हेगेलवर थुंकायला सांगणाऱ्या तिच्या पुस्तिकेतला संताप सर्वांना ठाऊक असतो. या त्यागाची चर्चा मात्र कमी होते. संस्कृतीत स्त्रीला जागा मिळवून देणे हे तिचे ध्येयच नव्हते. मातांची सूची करणाऱ्या मिलानच्या गटाहून ही भूमिका फार वेगळी आहे. आम्हांला लोन्झी अधिक प्रामाणिक वाटते. मिलानच्या गटाचा मार्ग मात्र अधिक उपयोगाचा. अधिक जाणणारी स्त्री कोण, हे कोणी ठरवायचे, याचे पुरते समाधान देणारे उत्तर त्या गटाच्या लेखनात आम्हांला सापडत नाही.

त्याच १९८७ च्या ग्रंथात अमालिया आणि एमिलिया यांची हकिकत आहे. धातुकामगारांनी १९७३ च्या करारात शिक्षणासाठी दीडशे तासांची पगारी सवलत मिळवली होती. त्यातून निघालेल्या वर्गांना गृहिणीही येऊ लागल्या. या दोघी तिथल्याच. एमिलिया स्वतःची कहाणी पुन्हा पुन्हा सांगे, पण तिला ती धडपणे जुळवता येत नसे. अखेर अमालियाने ती लिहून दिली. एमिलिया तो कागद पिशवीत बाळगी, काढून वाची आणि रडे. पुढे आद्रियाना काव्हारेरो यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाचा आधार घेऊन असा विचार मांडला की आपली कथा आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते. लक्ष्मीबाई टिळकांपासून दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपर्यंत स्वतःच्या लेखणीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या चर्चेला हा विचार थोडा अडचणीत आणील. आणावा.

एलेना फेरान्ते हिच्या नेपल्सच्या कादंबऱ्या (२०११ ते २०१४) या संदर्भात वाचण्याजोग्या आहेत. तिथेही एक मैत्रीण दुसरीचे आयुष्य लिहिते आणि मध्ये कधीतरी लोन्झीही वाचते. मात्र लीलाने आपल्याविषयी लिहू नकोस म्हणून आधीच बजावलेले असते, आणि एलेना तरीही लिहिते.