आधी बांबू, मग कार्बन!

धनुष्यबाण म्हटलं की आपल्याकडे कुणाला रामायण आठवतं, तर कुणाला निवडणुकीचं चिन्ह. ग्राउंडवर उभं राहून बाण खरोखर सोडायचाही असतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कम्पाउंड प्रकारात जगज्जेते झाले. ते वारं आपल्या हॉस्टेलमध्येही शिरलं आणि यंदा जिमखान्याकडे मागणी गेली, ‘एक इंटरनॅशनल दर्जाचा सेट घ्या!’

माझा या मागणीला विरोध आहे. धनुर्विद्येला नव्हे, त्या ‘एक’ला.

ऑलिम्पिकमध्ये दिसतं तसं रिकर्व्ह धनुष्य, साइट, स्टॅबिलायझर, कार्बनचे बाण असं सगळं चांगल्यापैकी घ्यायचं म्हटलं तर खर्च लाखांत जातो. बरं, घेणार ते कुणाच्या मापाचं? उजव्या हाताचं की डाव्या? सहा फुटी सीनियरला बेतलेलं, की पाच फुटी एफईच्या मुलीला? म्हणजे एक जण नेम धरणार, तिघं फोटो काढणार आणि परीक्षा आली की सेट कपाटात. किल्ली कुणाकडे, ते शोधायला पुढची बॅच!

त्यापेक्षा बांबूचं साधं धनुष्य बघा. जुन्या मराठीत याला कामठा म्हणतात. मी अडीच हजारांत सहा बाणांसकट घेतलं आणि तीन महिने दर रविवारी सकाळी वापरलं. ना साइट, ना स्टॅबिलायझर. आणि ही काही ‘आदिवासी खेळणं’ म्हणून हसण्यावारी न्यायची चीज नाही. इंडियन राउंड नावाचा रीतसर प्रकार आहे, त्यात ३० आणि ५० मीटरवर लाकडी-बांबूच्या धनुष्यानेच खेळतात, राष्ट्रीय स्पर्धाही होतात.

आता आपल्या शाखेचं बोलू. एसओएमच्या जर्नलमध्ये आपण बीम कॉपी करतो. इथे तो बीम हातात येतो. माझ्या धनुष्याची साल निशाणाच्या बाजूला आहे. बांबूचे चिवट धागे सालीकडे दाट असतात आणि दोरी ओढली की ताण तिथेच पडतो, आतल्या अंगाला दाब. पूर्ण ओढल्यावर ३० पौंड जोर आणि दोरीचा प्रवास अर्धा मीटर धरला तर साधारण ३३ ज्यूल ऊर्जा साठते. त्यातली बरीचशी बाण घेऊन जातो. बाणच लावला नाही तर ती जाणार कुठे? परत लाकडात. म्हणून रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, धनुष्य तडकतं. काम झालं की दोरी उतरवायची, नाहीतर बांबूला कायमचा बाक येतो आणि जोर जातो. हे दोन नियम मोडणाऱ्याच्या हातात दोन लाखांचा सेट द्यायचा?

आणखी एक गंमत. धनुष्याची मूठ बाणाच्या वाटेतच असते. मग बाण सरळ जातो कसा? तो सुटताना चक्क सापासारखा वळवळतो आणि लाकडाला वळसा घालून पुढे सरळ होतो. बाण फार ताठ किंवा फार लवचिक असला की बाजूला पडणार. (आणि एकलव्याचं म्हणाल, तर आजच्या तीन बोटांनी ओढायच्या पद्धतीत अंगठा दोरीला लागतसुद्धा नाही!)

रूममेटचं म्हणणं, ‘बांबूचे दोन बाण सारखे नसतात, मग नेम कसला शिकणार?’ मुद्दा खरा आहे. उपायही सोपा आहे. बाणांवर नंबर टाका आणि वहीत मांडा. माझा ४ नंबर नेहमी डावीकडे जातो. बाकीचे पाच इकडेतिकडे गेले तर बाणाची चूक नाही, हाताची आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणायची सोयच राहत नाही. अर्थात पावसाळ्यात बांबू ओल धरतो आणि मऊ पडतो. ७० मीटरचं ऑलिम्पिक अंतरही याचं काम नव्हे. ज्याची तयारी तिथवर जाईल त्याला रिकर्व्ह लागेलच. त्याच्यासाठी जिमखान्याशी भांडायला मी पुढे असेन. पण तो कोण, हे आज कुणाला माहीत आहे? उदयपूरकडचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढला. पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिम्पिक खेळला. त्याच्या हातात आधी बांबू आला म्हणून तो लोकांना दिसला.

म्हणून स्पोर्ट्सच्या सरांना विनंती, त्या एका सेटच्या पैशातून तूर्त दहा बांबूची धनुष्यं घ्यावीत. मुठीला खाच नसलेली घेतली तर डावखुऱ्यांनाही तीच चालतात. सकाळी ६ ते ८, मुलामुलींना एकत्र, अंतर आधी दहा मीटरच. सगळे एका रेषेत उभे राहतील आणि शिट्टी झाल्याशिवाय कुणी बाण आणायला पुढे जाणार नाही. जागा मेसमागची, जिथे उंच भिंत आहे. पेंढ्या रचायचं काम माझ्याकडे. मेसच्या मावशींनी फक्त कपडे वाळत घालायची दोरी तेवढी दुसरीकडे बांधावी.