वांकड्या शेंपटाची कैफियत

मराठी भाषेंत आमच्या जातीविषयीं ज्या म्हणी रूढ आहेत त्यांपैकीं एकही आमच्या संमतीनें झालेली नाहीं. त्यांतली सर्वांत जुलमी म्हण शेंपटाची. कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, असें सांगून मनुष्यांनीं आम्हांस शिक्षणास अपात्र ठरविलें, आणि वर पुन्हां आम्हांस शिक्षण देण्याचा अधिकारही स्वतःकडेच ठेवला. शेंपूट सरळ कशासाठीं हवें होतें, नळी कोणीं आणली आणि हा प्रयोग किती दिवस चालला, याची चौकशी झाल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं. वस्तुतः शेंपूट ही आमची दुसरी जीभ आहे. इटलींतील संशोधकांनीं २००७ सालीं तीस कुत्र्यांच्या शेंपटांचें निरीक्षण करून असें दाखविलें कीं, आपला मालक दिसला म्हणजे आमचें शेंपूट हलतांना उजवीकडे अधिक झुकतें, आणि अनोळखी दांडगा कुत्रा समोर आला म्हणजे डावीकडे. ज्या अवयवास डावें-उजवें इतकें नेमकें कळतें त्यास नळींत कोंबावें आणि वर हट्टी म्हणावें, ही न्यायाची कोणती तऱ्हा?

ही कैफियत आम्ही, म्हणजे घरांत पाळलेले, गळ्यांत पट्टा असलेले आणि दोन वेळां पोटभर जेवणारे कुत्रे, मांडीत आहों. रस्त्यावरील आमच्या बांधवांचीं दुःखें निराळीं व मोठीं आहेत. त्यांविषयीं सोफ्यावर बसून बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सुशिक्षित घरांत ज्यास कुत्र्याला वळण लावणें म्हणतात तें बहुतेक ठिकाणीं अपराधावांचून दिलेली शिक्षा असते. आणि ज्या वयांत खरें वळण लागावयाचें तें वय पिलास कोंडून फुकट घालविलें जातें.

भाषेपासूनच आरंभ करूं. ज्या घरांत मराठीच्या ऱ्हासाविषयीं रोज चहाबरोबर हळहळ व्यक्त होते त्या घरांतही आमच्याशीं इंग्रजींतच बोलावें असा दंडक आहे. आम्हांस इंग्रजीचें वावडें नाहीं. ज्या शब्दामागून बिस्किट येतें तो कोणत्याही भाषेंतला असो, आम्हांस देववाणीच. पण एका कृतीस एक शब्द असावा, ही अपेक्षा भलतीच आहे काय? सोफ्यावर पाय ठेवला कीं यजमान 'ऑफ' म्हणतात, बाईसाहेब 'डाउन' म्हणतात, थोरला मुलगा 'नो' म्हणतो, धाकटी 'ये ना रे, बस माझ्याजवळ' म्हणते, आणि आजी देवघरांतून 'हाड्' म्हणतात. शिवाय 'डाउन' या शब्दानें काल आम्हांस जमिनीवर आडवें निजविलें होतें, तें निराळेंच. मग सर्वजण मिळून निर्णय देतात कीं, हा ऐकतच नाहीं. आम्ही तर पांचांचेंही ऐकतों. सारी अडचण तीच आहे.

आमच्या मतें या मंडळींत आजी सर्वांत उत्तम शिक्षक. त्यांचा शब्द एक, सूर एक, आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं द्यावयाचा नाहीं हा नियम सणावारींही बदलत नाहीं. आमच्यावर आपलें प्रेम आहे असें त्या कधीं कबूल करणार नाहींत. पण आम्ही उंबऱ्याबाहेर बसलों रे बसलों कीं पोळीचा तुकडा त्याच क्षणीं पुढें पडतो. 'त्याच क्षणीं' या शब्दांवर आमचा भर आहे. कृति आणि तिचें फळ यांत क्षण-दोन क्षणांहून अधिक अंतर पडलें कीं आम्हांस त्यांचा संबंध लागत नाहीं. असे संबंध जनावराच्या मनांत कसे जुळतात तें पाव्हलोव्ह या रशियन पंडितानें आमच्याच लाळेवरून जगास शिकविलें. त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल होतें, पण तेथेंही राबले ते कुत्रेच. पारितोषिकाचा वांटा कोणा कुत्र्याच्या घरीं पोहोंचल्याची नोंद नाहीं. असो.

कित्येक कर्मठ गृहस्थ यावर म्हणतात कीं, तुकडा देऊन शिकविणें ही लांच झाली; कुत्र्यानें कर्तव्यबुद्धीनें वागावें. हे गृहस्थ स्वतः महिनाअखेर कचेरींतून जें घेऊन येतात त्यास कर्तव्यबुद्धीचें कोणतें नांव देतात, तें एकदां कळावें. पोळी पळविणाऱ्या आमच्या एका पूर्वजामागें नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धांवले अशी कथा आहे. तेवढ्या औदार्याची आम्हांस अपेक्षा नाहीं. कोरडी पोळी चालेल, परंतु वेळेवर मिळावी.

कृति आणि फळ यांचा संबंध तुटला म्हणजे काय होतें तें पाहावयाचें असल्यास संध्याकाळीं सात वाजतां कोणत्याही फ्लॅटचें दार उघडतांना पाहावें. पिलानें दुपारीं दोन वाजतां गालिचा भिजविलेला असतो, कारण सकाळीं आठपासून त्यास बाहेर नेण्यास घरांत कोणी नव्हतें. यजमान येतात, डाग पाहतात, पिलाचें नाक त्यांत घासतात आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून पाठींत दोन लगावतात. (मासिकाचा अंक गुंडाळण्यास जड जातो, हें आम्ही मासिकांच्या बाजूचें एक प्रमाण समजतों.) पिलूं यावरून काय शिकतें? गालिचा भिजवूं नये, हें खास नव्हे. पांच तासांपूर्वींची ती गोष्ट त्याच्या लेखीं केव्हांच संपली. तें एवढेंच शिकतें कीं, कुलपांत किल्ली वाजली आणि जमिनीवर ओल असली म्हणजे यजमानांच्या अंगांत कांहींतरी संचारतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं किल्ली वाजतांच तें कान पाडून सोफ्याखालीं सरकतें, आणि यजमान विजयी मुद्रेनें म्हणतात, "पाहा, चोराच्या मनांत चांदणें!"

या चोरट्या चेहऱ्याची परीक्षा अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें केली व २००९ सालीं प्रसिद्ध केली. चौदा कुत्र्यांपुढें खाऊ ठेवून, त्यास तोंड लावूं नये असें बजावून, मालक बाहेर गेले. परत आल्यावर कुत्र्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं हें त्यांस कधीं खरें सांगण्यांत आलें, कधीं खोटें. चोरटा चेहरा दिसला तो खाऊ खाल्ल्यामुळें नव्हे. मालक रागें भरले म्हणजे दिसला. आणि ज्या बिचाऱ्यांनीं खाऊस स्पर्शही केला नव्हता, त्यांच्याच मुद्रेवर तो अधिक ठळक उमटला! ज्यास तुम्ही कबुलीजबाब म्हणतां ती दयेची याचना आहे. तुमच्या न्यायालयांत याचनेवरून आरोप शाबीत होतो.

हा खटला आजचा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्रापाशीं सरमेचा मुलगा आला, आणि राजाच्या भावांनीं त्यास मारून हांकलून दिलें. तो रडत आईकडे गेला. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं व तें चाटलेंही नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमा त्या राजमंडपांत गेली आणि तिनें एकच प्रश्न विचारला: यानें अपराध केला नाहीं, मग यास मारलें कां? भरल्या सभेंत कोणास उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, निरपराध्यास मारलेंत, म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभींच व्यासांनीं एका कुत्रीची फिर्याद नोंदवून ठेवली. आणि तो ग्रंथ कांचेच्या कपाटांत मांडून ठेवणारे लोक त्याच कपाटासमोर पिलाचें नाक घासतात.

आतां न दिसणाऱ्या भयाविषयीं. अलीकडे पुष्कळ घरीं रविवारीं एक शिक्षक येतो. त्याचें सारें शास्त्र एका वाक्यांत मावतें: घरांत श्रेष्ठ कोण हें कुत्र्यास कळलें पाहिजे. त्यासाठीं आमच्या आधीं जेवावें, दारांतून आधीं बाहेर पडावें, आम्ही गुरगुरलों तर उताणें पाडून मानेवर हात दाबावा. या मताचें मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनीं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें वर्तन पाहून १९४७ सालीं जें लिहिलें त्यावरून वर्चस्वाच्या लढाईची कल्पना रूढ झाली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानें ती घरोघर नेली. पुढें याच मेक यांनीं एल्झमिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासांत काढले, आणि १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं मुलें; तेथें सिंहासनासाठीं झुंज नसते. लांडग्यांचा प्रश्न असा मिटला. रविवारच्या शिक्षकास तें कोणी कळविलेलें नाहीं. आणि आम्ही तर लांडगेही नव्हे. ज्यास स्वतःच्या खाण्याच्या डब्याचें झांकण उघडतां येत नाहीं, तो राज्य बळकाविण्याच्या मसलती करीत असेल हें वाचकांस संभवनीय वाटतें काय?

गुरगुरणें ही आमची सभ्यता आहे. 'पुरे, मला भीति वाटते' हें सांगण्यास आमच्यापाशीं याहून सौम्य साधनें आहेत: आम्ही तोंड फिरवितों, ओठ चाटतों, जांभई देतों. तीं कोणी वाचीत नाहीं, म्हणून गुरगुरतों. भुंकतो तो चावत नाहीं, ही म्हण ज्यानें रचली त्यास कुत्रा कधीं चावला नसावा. पण गुरगुरणें मारून बंद केलेला कुत्रा आवाज न करतां चावतो, एवढें आम्ही आमच्या जातीच्या वतीनें सांगूं शकतों. आमच्या वरच्या मजल्यावर एक मित्र राहत असे. जेवतांना घरचीं मुलें ताटलींत हात घालीत, तो गुरगुरे, आणि प्रत्येक वेळीं चेनचा फटका खाई. कांहीं महिन्यांत गुरगुर थांबली. शिक्षक आणि यजमान दोघेही समाधान पावले. दुसऱ्या वर्षीं पाहुण्यांच्या मुलानें ताटली ओढली, आणि मित्रानें एक शब्द न काढतां त्याच्या गालाचा चावा घेतला. मुलास टांके पडले, सुया टोंचाव्या लागल्या. तें मूल काय रडलें तें आम्हीं ऐकलें आहे. पुढच्या रविवारीं मित्रास गाडींत घालून नेलें. गाडी परत आली, तो आला नाहीं. त्याचा पट्टा अद्याप त्या दाराआड खुंटीवर आहे. जिन्यावरून जातांना वास येतो.

या मित्रास पहिल्या दिवशीं कोणीं बिघडविलें? आमच्या मतें पहिल्या महिन्यांतच त्याचा घात झाला होता. पिलाच्या आयुष्यांत तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या सुमारापर्यंत एक दार उघडें असतें. त्या काळांत जें जें निर्धास्तपणें भेटतें तें तें पुढें आपलें वाटतें. दार लागल्यावर जें भेटतें तें परकें. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत हें पारखून पाहण्यांत आलें. फ्रीडमन, किंग व एलियट यांनीं उंच कुंपणाच्या आवारांत पिलें माणसांपासून दूर वाढविलीं, व निरनिराळ्या वयांच्या पिलांस एकेक आठवडा माणसांत आणलें. जीं चौदा आठवड्यांपर्यंत अलग राहिलीं तीं पुढें रानांतल्या जनावरांप्रमाणें वागूं लागलीं. हें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि स्कॉट व फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथांत त्याचा विस्तार आहे.

आतां आपल्या घरचा हिशोब मांडूं. आठ आठवड्यांच्या आंतलें पिलूं विकूं नये असा २०१७ सालचा सरकारी नियम आहे, व तो योग्यच आहे. भावंडांशीं झोंबतांना दांत किती जोरानें लावावे हें आईजवळच शिकावयाचें असतें. म्हणजे तुमच्या हातीं उरले चार-पांच आठवडे. नेमक्या त्याच वेळीं घरांत ठराव होतो कीं, लसी पुऱ्या होईपर्यंत पिलूं उंबऱ्याबाहेर काढावयाचें नाहीं. लसी पुऱ्या होतात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. घराचें दार उघडतें तेव्हां मनाचें दार लागून महिना होत आलेला असतो. मग पिलूं स्कूटर पाहून दबतें, छत्री पाहून भुंकतें, रेनकोट घातलेल्या दूधवाल्यावर तुटून पडतें. आणि यजमान साखळीला हिसका देतात. हिसक्यानें पिलास कळतें कीं, दूधवाला दिसला म्हणजे गळा आवळतो. भीति होती तिला कारण मिळालें.

रोगाची भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १९७८ पासून ज्ञात असलेल्या पार्व्हो रोगानें आमचीं असंख्य पिलें नेलीं आहेत, आणि पिसाळण्याच्या रोगापुढें तर मनुष्य व कुत्रा दोघेही सारखेच असहाय. त्या लशींत एक दिवसाची हयगय करणारा मालक आम्हांस नको. पण पिलास पाय आहेत म्हणून तें पायींच हिंडलें पाहिजे असें थोडेंच आहे? कडेवर घेऊन फाटकापाशीं अर्धा तास उभें राहावें. रिक्षा, शाळेचीं मुलें, काठी टेकणारे आजोबा, वरातीचा बँड दुरून दाखवावा. लस टोंचलेल्या ओळखीच्या कुत्र्याकडे घेऊन जावें. पिलाच्या वर्तनाचे जाणकार असलेल्या अमेरिकन पशुवैद्यांच्या मंडळानें २००८ सालींच सांगून ठेवलें आहे कीं, पहिल्या लशीनंतर सात दिवसांनीं, सातव्या-आठव्या आठवड्यापासून, पिलें एकत्र आणण्यास हरकत नाहीं. पोरास कडेवर घेऊन चांदोबा दाखविणाऱ्या देशांत हा उपदेश परदेशांतून आणावा लागावा, याचें आम्हांस नवल वाटतें.

कायदा आमच्या बाजूस आहे म्हणतात. १९६० च्या अधिनियमानें आंखूड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, आणि सदा बांधलेल्या कुत्र्यास हिंडवावयाचें टाळणें, हे दोन्ही गुन्हे ठरविले. पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. पट्ट्याची किंमत याहून अधिक पडते.

दिवाळीच्या सुट्टींत मुलांच्या हट्टाखातर पिलूं आणण्याचा कित्येक घरीं बेत चालला असेल. आठ आठवड्यांच्या जिवास पहिल्याच रात्रीं लवंगी आणि सुतळी बाँब ऐकविण्यापेक्षां तो बेत त्रिपुरी पौर्णिमेपुढें ढकलावा, ही विनंती. मधल्या दिवसांत घरांतल्या सर्वांनीं एकदां बसून, पिलास सोफ्यावर घ्यावयाचें कीं नाहीं आणि खालीं उतरविण्यास शब्द कोणता, हें ठरवावें. धाकट्या मुलीसही त्या सभेस बोलवावें, कारण नियम तीच मोडते. 'हाड्' हा शब्द मात्र मंजूर करूं नये. तो आजींच्या तोंडून निघाला म्हणजे शेजारचे कुत्रेही सोफ्यावरून खालीं उतरतात.