टाळे ठोकून काय साधणार?



‘संयुक्त राष्ट्रांना टाळे ठोका’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाचा संताप कळतो, निष्कर्ष पटत नाही.

रवांडाचे उदाहरण त्यांनी दिले, पण अर्धेच. एप्रिल १९९४ मध्ये हत्याकांड सुरू झाले तेव्हा तिथे सुमारे अडीच हजार शांतिसैनिक होते. त्यांचे प्रमुख रोमेओ डॅलेअर कुमक मागत होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला ठराव केला तो संख्या २७० पर्यंत खाली आणण्याचा! त्या ठरावासाठी हात वर केले ते सदस्य देशांनी. मग संस्थेच्या नावाने बोटे मोडून त्या सरकारांना मोकळे का सोडायचे?

आता लायबेरिया बघा. २००७ साली भारतीय महिला पोलिसांची शंभरावर जणींची तुकडी मन्रोव्हियात उतरली. शांतिमोहिमेतली अशी ती पहिलीच. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा, असे काम त्यांनी २०१६ पर्यंत केले. २०१८ मध्ये ती मोहीमच आवरती घेतली गेली.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. काँगोतल्या शांतिमोहिमेतली त्यांची निळी टोपी अजून कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपलेली आहे. ती त्यांनी मला दाखवली तेव्हा दोन्ही हातांवर धरली होती.

दुरुस्ती हवीच. सामूहिक हत्याकांडाच्या प्रश्नावर पाच बड्या देशांनी नकाराधिकार वापरू नये, ही फ्रान्स आणि मेक्सिकोची सूचना २०१५ पासून पडून आहे. आपल्या वृत्तपत्रांनी आधी तिचा पाठपुरावा करावा.

– एक वाचक, सातारा