गोकुळधाममधले हसू

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ मुलांनी पाहावी का, असा प्रश्न मराठी घरांत सहसा कुणाला पडत नाही. रात्रीच्या जेवणाला ती लावली जाते, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे पाहतात आणि मध्येच कुणाला रिमोटकडे धाव घ्यावी लागत नाही. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, नको ते प्रसंग नाहीत. तेवढ्यावर मालिका ‘घरगुती’ ठरते. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेल्या या मालिकेने ४,००० भागांचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. आज दहावीत असलेल्या मुलाच्या जन्माआधीपासून जी घरात आहे, तिची थोडी चौकशी करायला हरकत नसावी. निदान दहा ते पंधरा वयाच्या मुलांपुरती तरी.

या चौकशीत कायद्याची मदत फारशी होत नाही. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांनुसार मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम मुले जास्तीत जास्त संख्येने पाहतात अशा वेळी दाखवता येत नाहीत. पण कोणता कार्यक्रम कोणत्या वयासाठी, याचे वर्गीकरण तिथे नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे ७+, १३+, १६+ असे शिक्के आले. ते देताना हिंसा, भाषा, नग्नता यांच्याबरोबर जात, वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांवरून होणारा भेदभावही पाहायचा असतो. या यादीत माणसाचे वजन नाही, त्याचे लग्न न जमणेही नाही. आणि मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीतले निम्मे विनोद नेमके तिथलेच आहेत.

पाच वर्षांचे मूल जुन्या भागांतला दयाबेनचा गरबा पाहून नाचते, तेवढ्यावर त्याचे समाधान होते. बारा वर्षांच्या मुलाचे तसे नाही. वर्गात कुणाला चिडवायचे आणि कुणाच्या वाटेला जायचे नाही, याचे हिशेब त्याच वयात पक्के होतात. डॉ. हाथी पडद्यावर आले की विषय खाण्याचा किंवा वजनाचा निघणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. ते डॉक्टर आहेत, सज्जन आहेत, पण मालिकेला त्यांच्या पोटापलीकडे बहुधा काही दिसत नाही. पोपटलालांचे लग्न वर्षानुवर्षे जमत नाही, म्हणून वर्षानुवर्षे त्यांचे हसे होत राहते. भागाच्या शेवटी तारक मेहता समजुतीचे चार शब्द सांगतात, हे खरे. पण तो उपदेश मिनिटभराचा आणि विनोद रोजचा. मुलाच्या डोक्यात काय उरेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

पालकांना खरी धास्ती वाटते ती जेठालाल आणि बबिताची. शेजाऱ्याच्या बायकोवर लट्टू झालेला मुलाबाळांचा बाप! आमच्या मते यात पालक समजतात तेवढा धोका नाही, कारण तिथे फजिती जेठालालचीच होते. त्याचे वडील बापूजी अवचित उगवतात आणि त्याची बोबडी वळते. अडचण वेगळीच आहे. जेठालाल हास्यास्पद ठरतो, पण चुकला असे कधी ठरत नाही. रोजच्या या लाळघोटेपणाचे बबिताला काय वाटते, हे मालिका विचारत नाही. तिने फक्त गोड हसायचे. चौदा वर्षांच्या मुलाशी आणि मुलीशीही यावर घरात बोलायला हवे. इतक्या सहज तोंडाशी येणारा विषय दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

मालिकेची जमेची बाजू मोठी आहे. जेठालालच्या दुकानात, गडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये, नोकर नट्टूकाका शेटजींकडे पगारवाढ मागत राहतात आणि जेठालाल ती टाळत राहतो. हसता हसता मालक-नोकराचे नाते उघडे करणारा हा विनोद अस्सल आहे, कारण त्याचा रोख ज्याच्या हाती पैसा त्याच्याकडे आहे. मूळ लेखक तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात लिहिलेल्या सदरावर ही मालिका बेतली आहे, आणि ते सदर प्रौढ वाचकांसाठी होते. सोसायटीतल्या मराठी भिडे मास्तरांची शिस्त आणि ‘हमारे जमाने में’चा हेका पाहून मराठी प्रेक्षकाने थोडे ओशाळावे, तेही ठीकच.

याच्या शेजारी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ठेवून पाहावी. अल्फा मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या, केदार शिंदे दिग्दर्शित त्या मालिकेत तीन पिढ्या एका घरात होत्या आणि हसे होण्याची पाळी सर्वांवर यायची. नातवंडांवर, मधल्या पिढीच्या शेखर-श्यामलावर, खुद्द दिलीप प्रभावळकरांच्या आबांवरही. कुणी एक जण कायमचा लक्ष्य नव्हता. कौटुंबिक विनोदी मालिका मोठ्या मुलांसाठी चांगली की वाईट, हे ठरवायला आम्हाला याहून भरवशाची कसोटी सुचत नाही: हसे होण्याची पाळी फिरते का, की ठरावीक माणसांवरच येऊन थांबते? गोकुळधाममध्ये ती जेठालालवर येते, भिड्यांवर येते. पण हाथी आणि पोपटलाल यांची सुटका होत नाही.

त्यामुळे आपल्याकडे चाललेला व्यवहार उलटा आहे, असे म्हणावे लागते. ज्यांना उपहास कळत नाही अशा सात-आठ वर्षांच्या मुलांना ही मालिका बिनदिक्कत दाखवली जाते, आणि ज्याला तो कळू लागला ते तेरा-चौदाचे मूल मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जाते. वाहिन्यांनी ओटीटीप्रमाणे वयाचा शिक्का दाखवायला सुरुवात करावी, ही अपेक्षा रास्तच आहे. तोवर आमचे मत असे: बारा वर्षांपुढच्या मुलांनी ही मालिका घरच्या मोठ्यांसोबत, बोलत-भांडत जरूर पाहावी. त्याहून लहान मुलांना ती रोज एकट्याने पाहू देऊ नये. त्यांच्यासाठी निर्मात्यांनीच २०२१ मध्ये ‘तारक मेहता का छोटा चष्मा’ ही कार्टून मालिका आणली आहे.