एप्रिलचा बर्फ बोनस नसतो

परवा दुपारी साडेतीनच्या सुमारास रायपूरचं आभाळ एकदम काळं झालं. सकाळपासून ऊन असं की कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा कोमट. आणि दहा मिनिटांत गारा सुरू. सायकल शेडच्या पत्र्यावर तडतड आवाज, क्वार्टरमधली पोरं बादल्या घेऊन गारा वेचायला बाहेर. फक्त आमचा भाजीवाला गेटपाशी डोक्याला हात लावून बसला होता. त्याची टोमॅटोची वाडी दुर्गकडे आहे.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, गुलमर्गला कालपासून नवीन बर्फ पडतोय! एप्रिलमध्ये! टूरवाल्याने ऑफर टाकलीय, सीझन वाढला, स्कीइंगची शेवटची संधी. आम्ही सहा जण शुक्रवारी निघतोय. तुम्ही तिथं कोर्स केलाय ना, कुणाची तरी ओळख द्या."

म्हटलं, ओळख देतो, पण आधी माझं ऐक. तो ऐकायच्या मूडमध्ये नव्हता. म्हणून इथं लिहितोय. तो हे पान वाचतो, आणि त्याच्यासारखे बरेच जण वाचतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्या पत्र्यावरची गार आणि गुलमर्गचा तो बर्फ एकाच घरातून आलेत. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी विक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येतात. थंडीत ते बर्फ टाकतात. मार्च-एप्रिलमध्ये तेच वर बर्फ टाकतात आणि खाली बंगालच्या उपसागराचं बाष्प मिळालं की विदर्भात, छत्तीसगडात गारा पाडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भ-मराठवाड्यातला कुठला शेतकरी विसरलाय? काढणीला आलेला गहू-हरभरा झोपला, संत्र्या-द्राक्षांचा चिखल झाला. त्या शेतकऱ्याला जाऊन कोणी म्हणेल का, की वा, यंदा पावसाळा वाढला? मग गुलमर्गच्या बाबतीत हीच भाषा आपण कशी काय करतो?

सीझन वाढलेला नाही, सरकलाय. काश्मिरातली जुनी माणसं २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. त्या दिवसांत पडलेला बर्फ बसतो, घट्ट होतो, उन्हाळ्यापर्यंत नद्यांना पाणी पुरवतो. तो बर्फ म्हणजे पहाडाची बँकेतली ठेव. उशिरा पडलेला बर्फ हातात आला तसा खर्च होतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडंठाक होतं, त्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. म्हणजे ज्या बर्फाने पाया भरायचा तो आलाच नाही आणि ज्याने यायचं नव्हतं तो आला. याला वाढीव हंगाम म्हणणं म्हणजे पगार दोन महिने उशिरा मिळाला म्हणून पेढे वाटण्यासारखं आहे.

आता मुख्य भांडण. टूरवाले 'स्प्रिंग स्नो' म्हणून जे विकतात त्यात दोन वेगवेगळे बर्फ आहेत, आणि दोन्ही एकाच लेबलखाली जातात.

पहिला, जुना मुरलेला बर्फ. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो, पुन्हा गोठतो. पहाटे तो काचेसारखा टणक असतो. नऊ-साडेनऊला ऊन लागलं की वरचा थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. त्यावर स्की इतकी गोड चालते की नवशिकाही तासाभरात वळायला शिकतो. अकरा-साडेअकरानंतर त्याचा गिजका भात होतो. मग पाय रुततो, गुडघा मुरगळतो, आणि चढाच्या उतारावर अख्खा थर पाणी पिऊन जड होतो. हा बर्फ चांगला आहे, पण तो घड्याळाने चालतो.

दुसरा, वादळाने टाकलेला ताजा बर्फ, तो पहिल्याच्या डोक्यावर येऊन बसतो. कुठल्याही गवंड्याला विचारा. जुन्या गुळगुळीत भिंतीला टाचे मारल्याशिवाय तो गिलावा करत नाही, कारण ओला गिलावा धरत नाही, सुटून खाली येतो. जुन्या गोठलेल्या थरावर नवीन बर्फ असाच बसलेला असतो. त्यात एप्रिलचं ऊन डोक्यावरचं. ओला झालेला एक घनमीटर बर्फ तीन-चार क्विंटलच्या घरात जातो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्की करायला मजा येते ती नेमकी याच उतारांवर. वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यांत वाईट. आणि ऑफर याच दोन दिवसांची असते!

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कोर्सचा शेवटचा आठवडा होता. आदल्या दिवशी बर्फ पडून गेलेला, आभाळ निळंशार, अंगात नुसती खुमखुमी. बरोबर अकरा वाजता उस्तादांनी शिट्टी मारली आणि स्की काढून खांद्यावर घ्यायला लावल्या. आम्ही मनातल्या मनात शिव्या दिल्या. एवढा झकास बर्फ समोर पडलाय आणि हा माणूस आम्हाला लंगरकडे हाकतोय! एकजण हळूच म्हणाला, "उस्तादांना भूक लागली असेल." दीड वाजता आम्ही ताट घेऊन बाहेर बसलो होतो. समोरच्या उतारावरून आधी ढोलावर थाप पडावी तसा आवाज आला, मग पांढरा धूर. धूर बसला तेव्हा सकाळचे आमचे माग दिसेनात. त्यांच्यावरून बर्फाचे ढेकळं पसरले होते, बैलगाडीएवढे. उस्ताद काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं. त्या दिवसानंतर अकराची शिट्टी वाजली की आमच्यात कुणी कुरकुर केली नाही.

आणि हे शिकलेल्या लोकांचं झालं, उस्ताद सोबत असलेल्यांचं. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्याच वर, खिलनमर्गच्या बाजूला, हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या कोर्सवरचे सतरा जवान हिमस्खलनात गेले. ते बर्फात लढायचं शिकायलाच गेले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्याच फेब्रुवारीत तिथेच एक रशियन. ही सगळी ऐन हंगामातली गोष्ट. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा भाड्याचे बूट घातलेत, त्याने ताज्या एप्रिलच्या बर्फावर काय जोर दाखवायचा?

"माझा पैसा, माझा जीव, तुम्हाला काय?" हा प्रश्न मला बऱ्याच वेळा ऐकवला जातो. उत्तर साधं आहे. जीव तुझा असेल, पण तुला काढायला येणारा माणूस दुसऱ्याच्या घरचा आहे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलन झालं. सात पर्यटक गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. त्यांना बर्फातून उकरून काढायला गेले ते लष्कराचे आणि सीमा सडक संघटनेचे लोक, त्याच उताराखाली उभे राहून, दुसरा लोंढा येईल की नाही हे माहीत नसताना. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडात सुमना इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला. दहाहून जास्त मजूर गेले, त्यांतले बरेच झारखंडचे, म्हणजे इथून शेजारच्याच राज्यातले, ज्यांनी घरी कधी बर्फ पाहिला नव्हता. तेही एप्रिलमध्येच. पहाडातला बंद रस्ता उघडून देणारी माणसं अशी असतात, आणि त्यांचा फोटो कुठल्याच ऑफरवर नसतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पटत नाहीत. "हे सगळं बंदच करा" म्हणणारे. का बंद करायचं? स्की हा पहाडातल्या पोरांचा खेळ आहे, रोजगार आहे. गुलमर्गचाच आरिफ खान २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता. आपल्या लोकांनी मे महिन्यात मनालीला जाऊन भाड्याचा कोट चढवून दहा मिनिटं स्कीवर उभं राहण्यापेक्षा आठवडाभर नीट शिकावं, असं मला मनापासून वाटतं. हंगामाच्या शेवटी गर्दी कमी असते आणि शिकवणाऱ्याला वेळ असतो. सकाळचा साबुदाणा बर्फ तर नवशिक्यासाठीच केलेला. तेव्हा जा. पण बर्फाच्या घड्याळाने जा, विमानाच्या तिकिटाच्या नाही.

बर्फाचं घड्याळ म्हणजे काय, तर एवढंच. वादळ थांबल्यावर दोन दिवस खालच्या सपाट मैदानात शिका, वर बघूसुद्धा नका. रात्री आभाळ मोकळं होतं का, बर्फ गोठला का, हे सकाळी पायाने दाबून बघा. रात्रभर ढग राहिले आणि बर्फ गोठलाच नाही, तर त्या दिवशी सुट्टी. अकराला खाली. गोंडोलाचा वरचा टप्पा बंद असेल तर त्यामागे कारण आहे, ओळख काढून वर जायचा मार्ग शोधू नका. आखलेल्या वाटेबाहेर जायचंच असेल तर स्थानिक गाइड हवा, आणि प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि फावडं हवं. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची चांगली आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरतीच असते. तेवढ्यात खालून कोणी पोहोचत नाही, सोबतच्यानेच खणायचं असतं.

टूरवाल्यांना माझं एकच सांगणं. चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, जिल्हा प्रशासन तो जाहीर करतं. तुमच्या 'शेवटच्या संधी'खाली त्या दिवसाचा तो इशाराही छापा. किंमत जेवढ्या मोठ्या अक्षरात छापता तेवढ्याच. लाज कसली वाटते?

आणि शेवटी आपल्या लोकांशी दोन शब्द. माजी सैनिक मंडळी, चूक आपलीही आहे. मंडळाच्या कार्यक्रमात, लग्नाच्या मांडवात आपण बर्फाच्या गोष्टी सांगतो तेव्हा उणे तीस सांगतो, पोस्ट सांगतो, रम सांगतो. ऐकणाऱ्या पोराला वाटतं, मामा तिथं छाती काढून उभा होता. पण मी आज इथं बसून हे लिहितोय ते माझ्या छातीमुळे नाही, एका उस्तादाने अकराला शिट्टी मारली म्हणून. ही गोष्ट मी भाच्याला आजवर कधी सांगितलीच नव्हती. गुलमर्गला 'कोर्स केलाय' एवढंच त्याला माहीत होतं. मग त्याने ओळख मागितली तर त्याचं काय चुकलं?

काल रात्री त्याला पुन्हा फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली, ताटासकट. बराच वेळ तो गप्प होता. तिकिटं काही रद्द करत नाहीत ती पोरं. पण पहिले दोन दिवस खालच्या मैदानात शिकायचं कबूल केलंय, आणि तिथल्या एका जुन्या शिकवणाऱ्याचा नंबर मी दिलाय. रोज साडेअकराला खाली आल्याचा मेसेज टाकायचा, असं ठरलंय.

शुक्रवारपासून साडेअकराला माझा फोन कोणी अडवू नका. इथं ऊन बेचाळीसवर गेलंय, पण माझं लक्ष तिकडे असेल.

जय हिंद.