प्राणी आहेत, शिक्षक कोठे आहेत?

गेल्या हिवाळ्यात मनमाडच्या एका शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला जाण्याचा योग आला. पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघालो आणि दुपारच्या आत भायखळ्याच्या राणीच्या बागेत पोहोचलो. मुले ५२, शिक्षक दोन. तिसरा मी, सेवानिवृत्त माणूस, म्हणजे डोकी मोजण्यापुरता उपयोगी. पेंग्विन पाहण्याच्या रांगेत बराच वेळ गेला. तेथून बाहेर पडून चितळांच्या कुंपणापाशी आलो, तेव्हा नववीतली एक मुलगी थबकली. तिचे आजोळ येवला तालुक्यात, राजापूरकडे. तिने शिक्षकांना विचारले, "सर, आमच्या रानातली हरणं माणूस दिसला की पळतात. ही का पळत नाहीत?"

शिक्षक म्हणाले, "चला पुढे, अजून वाघ राहिलाय. गाडी चुकेल."

या शिक्षकाला दोष देण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. परतीच्या गाडीत त्यांच्याशी बोललो तेव्हा तो ओसरला. गृहस्थ मूळचे गणिताचे. वेळापत्रकात रिकामे तास दिसले म्हणून जलसुरक्षा हा विषय त्यांच्या माथी मारलेला. मतदारयादीचे काम त्यांच्याकडे. शाळेत एक जागा रिकामी, म्हणून आणखी एका वर्गाचे गणितही त्यांच्याकडेच. त्या मुलीचा प्रश्न त्यांनी ऐकला होता आणि तो चांगला असल्याचे त्यांना ठाऊकही होते. उत्तर द्यायला वेळ नव्हता आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "उत्तर मला तरी कोणी शिकवलंय?"

हा प्रसंग किरकोळ वाटेल. माझ्या मते आपल्या शिक्षणव्यवस्थेची सारी मेख त्यात आहे. एका बाजूला १८६२ साली खुले झालेले उद्यान आणि १८९० पासून तेथे असलेले प्राणिसंग्रहालय. दुसऱ्या बाजूला अडीचशे किलोमीटरवरून आलेली जिज्ञासू मुले. या दोहोंना जोडणारा एकच दुवा असतो, तो म्हणजे शिक्षक. आणि खर्चाचा विचार होताना नेमका तोच वगळला जातो.

राणीच्या बागेचेच पाहू. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांच्यासाठी काचेआड थंडी निर्माण करण्यात आली. त्याच वर्षी त्यांतला एक दगावला. २०१७ मध्ये बागेचे प्रौढांसाठीचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर नेण्यात आले. पेंग्विनांच्या देखभालीच्या निविदेवरून महापालिकेत पुढे जे वाद झाले ते वाचकांना आठवत असतील. पेंग्विन आणावेत की आणू नयेत, या वादात मी शिरत नाही. मुंबईच्या कामगारवस्तीतल्या मुलाला पेंग्विन दिसला तर मला आनंदच आहे. पण प्राण्यांवर व इमारतींवर होणारा खर्च हा भांडवली खर्च आणि शिक्षकावर होणारा खर्च हा महसुली बोजा, अशी जी हिशेबाची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा विरोध आहे. काचेआडचा पक्षी पाहून मुलाच्या मनात जे कुतूहल जागे होते, त्याला वळण देणारा माणूस जवळ नसेल, तर तो सारा खर्च करमणुकीचा ठरतो. आपल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने १९९८ सालीच वन्यजीवांबद्दल आस्था व समज निर्माण करणे हे प्राणिसंग्रहालयांचे एक उद्दिष्ट मानले आहे. समज तिकीटखिडकीवर मिळत नाही.

अन्यत्र याचा वेगळा विचार झालेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲपल व्हॅली या गावी प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच १९९५ साली एक माध्यमिक शाळा सुरू झाली. अकरावी-बारावीची ही शाळा खाजगी नाही, सार्वजनिक आहे. स्थानिक शिक्षण मंडळ, प्राणिसंग्रहालय आणि नगरपालिका यांनी मिळून ती उभी केली. तिची खरी किमया प्राण्यांच्या शेजारात नसून शिक्षकांच्या मांडणीत आहे. सुमारे १०० विद्यार्थ्यांचा एक गट आणि त्या गटाची जबाबदारी भाषा, सामाजिक शास्त्रे व पर्यावरणशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी एकत्र वाहायची. घंटा वाजली की विषय बदलला, असा प्रकार नाही. तळ्याचे पाणी तपासायचे असेल तर मुलांना घेऊन तळ्यावर जायचे. मग त्याच पाण्यावर लिहायचे, त्याच पाण्याच्या मालकीविषयी वाद घालायचा.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथील शाळांचा पैसा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता-करातून येतो. त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हे तेथील जुने दुखणे आहे. पण शिक्षकाला वेळ, सहकारी आणि वर्गाबाहेर जाण्याचा अधिकार दिला की काय घडू शकते, एवढे त्या शाळेने दाखवून दिले आहे.

आणि हे शिकायला अमेरिकेलाच जायला हवे असेही नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. मूल जेथे आहे, जीव जेथे आहेत, तेथे शिक्षकाने जायचे, हे तत्त्व ठाणे जिल्ह्याच्या त्या डोंगरावर मिनेसोटाच्या किती तरी आधी आचरणात आले होते. आपण त्याचे कौतुक केले, त्या बायांना पुरस्कार दिले आणि वेळापत्रक होते तसेच ठेवले.

आता मनमाडकडे वळतो. येथे प्राणिसंग्रहालय नाही आणि ते व्हावे अशी माझी मागणीही नाही. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळरानावर काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा. ती मुळात गोदावरीवरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामुळे तयार झालेली. ही दोन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. तेथे पिंजरे नाहीत आणि तिकिटाची रांगही नाही.

काळवीट हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित केलेला प्राणी. उन्हाळ्यात पाणवठे आटले की तो गावाकडे येतो; कुत्री त्याच्या मागे लागतात. पेरणीनंतर तोच शेतात शिरतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या खातो. त्या मुलीच्या मामाच्या दृष्टीने तो पिकाचा चोर, कायद्याच्या दृष्टीने राष्ट्राची संपत्ती. या दोन दृष्टींमधले अंतर हाच खरा धडा आहे. गवताळ माळाला सरकारी दप्तरात पडीक का म्हणतात? नुकसानभरपाई वेळेवर का मिळत नाही? उरलेले पाणी आधी कोणाचे, माणसाचे, गुरांचे, की हरणांचे? ज्या मनमाडने वागदर्डी धरणाच्या तळाकडे डोळे लावून पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळाची वाट पाहिली, तेथल्या मुलांना हा प्रश्न कळायला अवघड नाही. त्यांना जलसुरक्षा पुस्तकातून पाठ करायला लावणे ही मात्र क्रूर थट्टा आहे.

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुस्तके निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या. शिकवणाऱ्याचे काय झाले? माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत दरमहा ८,००० रुपये मानधन मिळत होते. जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. तीन वर्षे मानधनावर राबणाऱ्या आणि त्याआधी कित्येक वर्षे विनाअनुदानित शाळेत फुकट शिकवलेल्या तरुणाने मुलांना माळावर घेऊन जावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? वाटेत एखादे मूल पडले-झडले तर जबाबदारी त्याचीच.

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की, ममदापूरला वर्ग नेण्यासाठी भांडवल लागत नाही. शैक्षणिक सहलीसाठी एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते. लागतात ते भरलेल्या जागांवरचे कायम शिक्षक, महिन्यातून एक मोकळा दिवस, आणि वनरक्षकाला मुलांशी बोलण्याची मुभा. प्राणिसंग्रहालयातही तसेच. जनावराला रोज खायला घालणारा, त्याचे आजारपण काढणारा कर्मचारी त्याच्याविषयी जे जाणतो ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. त्यालाही शिक्षक मानले पाहिजे, आणि शिक्षकाइतकीच नोकरीची शाश्वती दिली पाहिजे.

शिक्षक संघटनांतील आपल्या साथींना माझी एक विनंती आहे. वेतनाची व रिक्त पदांची लढाई आपण लढतच आहोत. ती लढताना शिक्षकाच्या वेळेची मागणीही मांडा. अशैक्षणिक कामांतून सुटका, वर्गाबाहेर शिकवलेल्या दिवसाला कामाचा दिवस म्हणून मान्यता, त्या दिवशीच्या अपघाताची जबाबदारी शासनाची, आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना सर्व सार्वजनिक प्राणिसंग्रहालयांत मोफत प्रवेश. पालक आपल्याला पगारवाढीचे लोक म्हणून ओळखतात. आपण त्यांच्या मुलांच्या प्रश्नांसाठीही भांडतो हे त्यांना दिसले, तर पगाराच्या लढ्यातही ते आपल्या बाजूला उभे राहतील.

परतीच्या गाडीत इगतपुरी मागे पडेपर्यंत बहुतेक मुले झोपली होती. ती मुलगी जागी होती. तिने पुन्हा विचारले नाही. एकदा उत्तर मिळाले नाही की मूल दुसऱ्यांदा विचारत नाही, हे मी चौतीस वर्षांच्या अध्यापनात पुष्कळदा पाहिले आहे.